गेरूची खूण

कुशाबाईनं ओलं सिमेंट अंगठ्यावर घेतलं आणि नवऱ्याच्या नावातलं 'या' बुजवलं. मग 'को', मग 'ब'. आधी चुन्याचे दोन हात देऊन पाहिले होते. पण अक्षरं खोल, चुन्याला दाद देईनात. उलट पांढऱ्या क्रुसावर ती जास्तच ठसठशीत दिसायला लागली. शेवटी घरी जाऊन पडवीतल्या फुटक्या पोत्यातलं ओंजळभर सिमेंट पदराच्या टोकाला बांधून आणावं लागलं.

'याकोब ऊर्फ रामहरी खिलारे.' सात वर्षांपूर्वी क्रूस ओतला तेव्हा तिच्या लेकानं, ज्ञानेशनं, पोलादी टोच्यानं हे नाव कोरलं होतं. भवानीनगरला कारखान्यात फिटर तो. जे करील ते घट्ट. "शंभर वर्षं हलत न्हाय बघ," म्हणाला होता. आता तेच नडत होतं.

नोव्हेंबरची पहिली तारीख. सर्व संतांचा सण. सकाळी चर्चमधली मिस्सा झाली की दुपारी सगळी वस्ती कालव्याकडच्या कब्रस्तानात उतरते, कारण दुसऱ्या दिवशी मेलेल्यांचा दिवस. कुणी गवत उपटत होतं, कुणी चुना कालवत होतं, पोरीबाळी झेंडूच्या माळा ओवत होत्या. तिन्ही बाजूंनी ऊस उभा, आणि चौथ्या बाजूला कालव्याचं पाणी. कुशाबाई काय करतेय हे आजूबाजूच्या सगळ्यांना दिसत होतं. बघत मात्र कुणीच नव्हतं.

रावजी मास्तर तेवढे आले. चर्चचं सगळं तेच पाहायचे. मुलांना प्रार्थना शिकवणं, मिस्सेत वाचणं, कब्रस्तानाची वही ठेवणं. रामहरीचे ते जुने जोडीदार. 

"वैनी, रामहरी तरी ऱ्हाऊ द्या की. याकोब गेला तेवढं बास न्हाय का?"

"रामहरीच तर नडतोय, मास्तर. कागदावर त्योच हाय."

खरं होतं ते. रामहरीच्या बापाचा बाप्तिस्मा झाला तेव्हापासून त्या घरात प्रत्येकाला दोन नावं. एक फादरनं दिलेलं, एक शाळेच्या दाखल्यावरचं. शाळेच्या दाखल्यावर जात जुनी, धर्म जुना. ही काही खिलाऱ्यांनी एकट्यांनी काढलेली युक्ती नव्हती; अर्ध्या वस्तीचं तसंच होतं. गावानं हाक मारायची ती जुन्या जातीनंच मारली, पाणी वाढायचं ते वरूनच वाढलं; बाप्तिस्म्यानं त्यात तसूभर फरक पडला नाही. मग दाखल्यावर तरी का बदलायचं, असं रामहरी म्हणायचा. 'ऊर्फ' हा शब्द त्याला भारी आवडायचा. चोराला असतो तसा मला बी हाय, म्हणून हसायचा.

आता त्याची नात छकुली जनावरांची डॉक्टर व्हायला निघाली होती. कॉलेज सुरू होऊन दोन महिने झाले होते. पण ॲडमिशन राखीव जागेवरची; जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायची होती, आणि घर ख्रिस्ती निघालं तर दाखला बाद, ॲडमिशनही रद्द. चौकशीचे साहेब मंगळवारी गावात येऊन गेले. शाळेत गेले, तलाठ्याकडं गेले, आणि जाता जाता चहाच्या टपरीवर त्यांनी सहज विचारलं, "तुमच्यात दोन तारखेला आपापल्या कबरीपाशी मेणबत्ती घेऊन उभं राहतात ना?"

टपरीवाल्यानं हो म्हणून सांगितलं. त्याचं तरी काय चुकलं?

"उद्या वाचायच्या यादीतनं नाव काढलंय मी," रावजी मास्तर म्हणाले. "फादरना बी सांगितलंय. पर वैनी, गेरूचं काय? नाव न्हाय, मानूस न्हाय, म्हंजे खूण करावी लागंल. तुमाला ठावं हाय."

कुशाबाईला ठाऊक नसायला काय झालं! तो नियम तिच्या नवऱ्यानंच घालून दिला होता. कब्रस्तान लहान. पलीकडं ऊस, आणि उसाचा गुंठाभर तुकडा मेलेल्यांसाठी कोण देतो? तेव्हा मृतांच्या दिवशी ज्या कबरीपाशी घरचं कुणी उभं राहत नाही, तिच्या पायथ्याच्या दगडाला गेरूचा पट्टा मारायचा. वस्तीत पुढचं कुणी गेलं की ती उघडायची. आतली हाडं गोळा करून भिंतीकडच्या खड्ड्यात ठेवायची आणि नव्या माणसाला जागा द्यायची. तीस वर्षं रामहरी इथं कबरी खणत होता. खणून झाली की लांबी पुरते का बघायला स्वतः आत आडवा व्हायचा, आणि कुशाबाई वरून शिव्या घालायची.

पण त्याच रामहरीनं दुसरीही एक रीत पाडली होती. ज्यांचं कुणी नाही त्यांच्या कबरीवर त्या दिवशी तो स्वतः मेणबत्ती लावायचा. "खूण करायची ती करा, पर अंधारात कुणाला ठिवू नगा," म्हणायचा. तो गेल्यावर मेणबत्त्यांची पिशवी कुशाबाईकडं आली.

"उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली आणि 'खिलारे'तला 'खि' बुजवायला घेतला.

संध्याकाळी घरात कुणी धड जेवलं नाही. ज्ञानेश ताटावरून उठला, हात धुऊन आला, परत बसला.

"आये, उद्या तू जाऊच नगं. आमी कुणीच जात न्हाय, तू बी घरात बस. ताप आलाय म्हण."

"वस्तीत इतकी वर्सं कुणी मला त्या दिवशी घरात बघितलं न्हाय. न गेले तर त्यो सायेब त्येच इचारील न्हवं, का न्हाय आली म्हणून? आन बाकीच्यांला मेणबत्त्या कोण लावील?"

"तुला दादांच्या कबरीपाशी उभं ऱ्हायचंय, म्हण की सरळ!"

"व्हय, ऱ्हायचंय. पर ऱ्हात न्हाय. झालं समाधान?"

छकुली दिवाळीच्या सुट्टीला आली होती. कागदावर ती सुप्रिया, छकुली घरात. भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे डोळे सुजले होते. बारावीत असताना काटेवाडीला मामाच्या गाईचं अडलेलं वासरू हिनं कोपरापर्यंत हात घालून सोडवलं होतं. तेव्हापासून घरानं तिच्यापुढं दुसऱ्या शिक्षणाचा विषय काढलेला नव्हता. धाकटा अविराज, सातवीतला, बहिणीकडं बघून भाकरी तशीच हातात धरून बसला होता.

"आजे, मला नको तो दाखला," ती म्हणाली. "मी दुसरं कायबी शिकते. आजोबांना बिननावाचं करून…"

"गप गं," कुशाबाई म्हणाली. "तुझ्या आजोबानं कुणाकुणाच्या कबरी खणल्या, तर हात दुखला म्हणून कधी टिकाव टाकला न्हाय. आता त्येच्यासाठी तू टाकतीस व्हय? जेव."

असं ती बोलली खरी. पण हंडा उचलायला म्हणून ती बाहेर गेली आणि हंडा न उचलताच परत आली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या मिस्सेत रावजी मास्तरांनी मेलेल्यांची नावं वाचली. दर वर्षी रामहरीचं नाव आलं की कुशाबाई जपमाळेचा मणी पुढं सरकवायची. यंदा मण्यावर बोट धरून ती बसली. यादी संपली तरी बोट तिथंच होतं.

तिथून सगळे फादरच्या मागं कब्रस्तानात आले. फाटकाशी मोटारसायकल लावून एक माणूस उभा होता. चाळिशीचा, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा उन्हातान्हात हिंडणाऱ्याचा असतो तसा. आत येताना त्यानं बूट काढून ठेवले. तिथं कुणीच चपला काढत नव्हतं, त्यामुळं तो आणखीच उठून दिसला.

माणसं आपापल्या कबरीपाशी जाऊन उभी राहिली. झुंबरबाई सासूच्या कबरीपाशी एकटीच उभी होती. तिचा नवरा आप्पा पंधरा दिवस बारामतीला दवाखान्यात, नळ्या लावलेला. कुशाबाईनं पिशवीतून मेणबत्त्या काढल्या आणि कालव्याकडच्या कडेनं सुरुवात केली. यंदा ज्यांच्यापाशी कुणी नाही अशा तीन कबरी होत्या. पहिली एका ऊसतोड कामगाराची. त्याच्या गावाकडचं कुणी परत आलंच नाही. दुसरी कॉन्व्हेंटमधल्या एका म्हाताऱ्या सिस्टरची. तिसरी रामहरीची.

पहिली मेणबत्ती लावली. दुसरी लावली. वारा होता, ज्योत वाकडी झाली. तिनं पदराचा आडोसा धरला, ती सरळ होईपर्यंत थांबली. मग तिसऱ्या कबरीपाशी आली, वाकली, पहिल्या दोन कबरींवर लावली तशीच लावली, आणि सरळ झाली. गुडघ्यांना टेकायची सवय होती. तिनं ते टेकू दिले नाहीत.

"मावशी, ही कुणाची?"

चौकशीचे साहेब, तेच बूट काढून आलेले, मागंच उभे होते. त्यांचा आवाज चांगला होता, तेच वाईट. वसकन अंगावर आले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"हिचं कुणी न्हाय, सायेब. म्हणून तर मी लावते."

"क्रूस तर नवा दिसतोय. नाव नाही घातलं?"

"बेवारशाला कसलं नाव?"

त्यांनी क्रुसावर बोट फिरवलं. सिमेंट अजून पुरतं वाळलं नव्हतं. बोटाला करडा रंग लागला. त्यांनी बोट रुमालाला पुसलं.

"तुम्ही कोण?"

"कुशाबाई खिलारे."

हे नाव ऐकून साहेबांनी पिशवीतून फाईल काढली. उघडली नाही, नुसती हातात धरली.

"सुप्रियाची आजी. मग मालक कुठं आहेत?"

"मेले. सात वर्सं झाली."

"इथंच पुरलं?"

"पुरतील कशाला? जाळलं. नरसिंहपूरला संगमावर राख सोडली."

"आणि तुम्ही इथं मेणबत्त्या लावता?"

"मी म्हायेराकडनं हितली. मी येते." एवढ्यावर थांबता आलं असतं. पण साहेब बघत होते, आणि फाईल त्यांच्या हातात होती. "त्ये आमच्यातले न्हवते. ह्या जागेशी त्येंचा काय बी संबंध न्हवता."

शेजारी झुंबरबाईनं मान खाली घातली. तिच्या सासूची कबर रामहरीनंच खणली होती, भर पावसात, पाणी उपसत उपसत. पलीकडं कुणीतरी खाकरलं. कुशाबाईच्या कानात मात्र तिचं तिचंच वाक्य घुमत राहिलं, आणि तिला वाटलं, आता जमीन दुभंगेल. तसं काहीच झालं नाही.

फादर एकेक कबर करत येत होते. प्रार्थना म्हणायची, पाणी शिंपडायचं, पुढं सरकायचं. "हे प्रभो, ह्यांस चिरशांती दे," ते म्हणायचे, आणि माणसं उत्तर द्यायची. तिसऱ्या कबरीपाशी ते आले आणि थबकले. वयानं तरुण होते, पण मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल रामहरीला त्यांनीच लावलं होतं. नवे नवे आलेले होते तेव्हा. त्यांचा हात वर गेला आणि खाली येईना.

साहेबांचं लक्ष त्या हाताकडं गेलं.

"फादर, चला की फुडं," कुशाबाई म्हणाली. "अजून लय जणं उभी हायती. म्हातारी मानसं हायती उन्हात."

फादरनी घाईनं पाणी शिंपडलं. चार थेंब क्रुसावर, चार मातीवर. त्यातलाच एक मेणबत्तीवर पडला, की वाऱ्यानं झालं कोण जाणे, ज्योत गेली.

"विझली," साहेब म्हणाले.

"विझू द्या."

"तिकडं त्या दुसरीला तुम्ही आडोसा धरलात."

"काड्या संपल्या."

पिशवीत काडेपेटी होती आणि ती वाजत होती. कुशाबाईनं पिशवी पोटाशी आवळून धरली, म्हणजे वाजायची थांबावी.

पाणी शिंपडून झालं, माणसं पांगायला लागली. साहेब काही हलले नाहीत. भिंतीला टेकून त्यांनी फाईलवर काहीबाही लिहिलं. रावजी मास्तर गेरूचा डबा आणि कुंचा घेऊन निघाले. ऊसतोड कामगाराच्या पायथ्याच्या दगडाला त्यांनी पट्टा मारला. सिस्टरच्या दगडाला मारला. आणि तिसऱ्या कबरीला वळसा घालून फाटकाकडं चालायला लागले.

"मास्तर," साहेबांनी हाक मारली. "ही राहिली की. हिच्यापाशीही कुणी नव्हतं."

मास्तर थांबले. सत्तरीचा माणूस, कुंच्यातून गेरूचे ठिपके धोतरावर पडत होते. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. आता तोंड उघडलं तर यांच्या तोंडून काय बाहेर पडेल याचा नेम नाही, हे कुशाबाईनं ओळखलं.

"मास्तर, म्हातारपणी नजर गेली व्हय तुमची?" ती मोठ्यानं म्हणाली. "एवढा ढिगारा दिसंना? मारा की पट्टा. का मी मारू?"

आणि मास्तर हलेनात तेव्हा तिनं खरंच त्यांच्या हातातला कुंचा घेतला. खाली बसली. दगड तिच्याच हातचा होता, कालव्यातून तिनंच निवडून आणलेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं पट्टा ओढला, जाड आणि सरळ, घराच्या भिंतीला ओढावा तसा.

साहेबांनी ते पाहिलं. फाईल पिशवीत घातली. जाताना बूट घालता घालता म्हणाले, "रिपोर्ट मी देईन, मावशी. पण समितीला शंका आली तर पुन्हा यावं लागेल मला. पुढच्या वर्षीसुद्धा."

"या की. मी हितंच असते."

मोटारसायकलचा आवाज उसापलीकडं गेला, डांबरी रस्त्याला लागला, विरला. कब्रस्तानात आता दोघंच होती. रावजी मास्तरांनी कालव्यात फडकं बुडवून आणलं आणि ते दगडापाशी वाकले.

"पुसू नगा," कुशाबाई म्हणाली.

"अवो, गेला त्यो!"

"परत येतो म्हणलाय. आन पुसल्यालं दिसतं. सिमेंट बघितलं न्हवं, त्यानं कसं वळखलं?"

"वैनी, आप्पाचं काय खरं न्हाय. आज-उद्यात कळंल. मग दुसरं कोण, तिसरं कोण… ह्यो पट्टा ऱ्हायला तर रामहरीला उचलून खड्ड्यात ठिवायची पाळी येईल. माझ्या हातनं व्हायचं न्हाय ते."

कुशाबाई कबरीच्या कडेला बसली. आता बसायला हरकत नव्हती. तिनं काडेपेटी काढली, विझलेल्या मेणबत्तीकडं पाहिलं, आणि काडेपेटी परत ठेवून दिली. मोटारसायकल परत फिरणारच नाही असं थोडंच आहे?

"आप्पाला पहिली उघडा," ती म्हणाली. "त्या ऊसतोडवाल्याची. त्येच्या मागनं जो जाईल त्येला सिस्टरची. ही तिसरी."

"आन तिसरं कोण?"

"मी."

"मरण काय रेशनची लाईन हाय व्हय, वैनी? नंबर लावून येतं का ते?"

"तुमी नंबर धरा. मी बघते कसं यायचं ते. मधी कोण घुसलं तर सांगा, म्हातारी टपून बसलीया म्हणावं." ती हसली, मग तिनं पदरानं तोंड दाबलं. मास्तरांनी तिकडं पाहिलं नाही. "त्येंच्या मापाची खणल्याली हाय. मला ऐसपैस व्हईल. हाडं बाहेर काढू नगा, नुसती कडंला सारा. बिचारा झोपून बघायचा न्हवं, पुरती का म्हणून."

ऊन उसाच्या शेंड्यावर आलं होतं. कारखान्याचा सातचा भोंगा व्हायला अजून अवकाश होता, पण मळीचा वास वाऱ्याबरोबर आला. मास्तरांनी फडकं पिळलं आणि खांद्यावर टाकलं.

"बरं," ते म्हणाले. "धरतो नंबर. तवर पोरीचा दाखला बी आल्याला असंल. मग क्रुसावर तुमचं दोघांचं नाव मीच कोरून घेतो. कुणाला भ्यायचं मग?"

कुशाबाई उठली. अंगठ्याच्या नखात सिमेंट वाळून बसलं होतं, ते खरवडत तिनं पिशवी उचलली.

"नगं, मास्तर. अविराज हाय मागं. मग त्येची पोरं व्हतील," ती म्हणाली. "त्यास्नी बी दाखला लागंलच की."

रावजी मास्तरांनी गेरूच्या डब्याला झाकण लावलं आणि दोघं फाटकाकडं चालू लागली.